दॅनच्या दोन्ही बाजूंना

देऊळघाटच्या आमच्या घरात संध्याकाळी दोन आवाज एकदमच सुरू व्हायचे. स्वयंपाकघरात माय स्टोव्हला पंप मारायची त्याचा, आणि ओसरीत बाबांच्या शिकवणीचा. पंपाचा आवाज थांबून स्टोव्ह भरभरायला लागला की बाबा आवाज चढवायचे, आणि बाबांनी आवाज चढवला की माय आतून म्हणायची, "हळू शिकवा ना, लेकरं बहिरी थोडीच हायेत." बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. शाळा सुटल्यावर गल्लीतली चार-दोन मुलं आमच्या ओसरीत येऊन बसायची आणि बाबा त्यांना इंग्रजी शिकवायचे. फी वगैरे काही नाही. कुणाच्या घरून गवारीच्या शेंगा यायच्या, कुणाकडून ताक, तेवढंच.

बाबांना मी कुणाशी इंग्रजीत बोलताना कधी ऐकलं नाही. गावात बोलणार तरी कुणाशी? पण इंग्रजीच्या व्याकरणावर त्यांचा फार जीव. एखादं वाक्य बरोबर जमलं की ते डोळे मिटून मान हलवायचे, गाणं ऐकल्यासारखे. शिकवताना त्यांची मराठी एकदम पुस्तकातली व्हायची. मुलं गेली, टोपी खुंटीला लागली, की लगेच "मले भूक लागली वं मित्रा, वाढाले सांग" असं आमचं नेहमीचं बोलणं. मित्रा म्हणजे मी, त्यांची धाकटी लेक. पुढे मीही इंग्रजीच शिकवली, कनिष्ठ महाविद्यालयात, निवृत्त होईपर्यंत. तरी वाक्य डोक्यात जुळवताना अजून बाबांचाच आवाज ऐकू येतो.

त्या हिवाळ्यात घरात एक माणूस वाढलं होतं. माझी मोठी बहीण सुमन, आमची ताई, सासरहून आली होती. तिचं लग्न देऊळगाव राजाकडे झालेलं. बारावी झाली, स्थळ आलं, मुलगा नोकरीला, घर चांगलं, असं म्हणून बाबांनी करून दिलं. ती एका सकाळी चिखलीच्या गाडीनं एकटीच आली. हातात पिशवी नाही, पायात चप्पल होती तेवढी, आणि केस ओले. थंडीच्या दिवसांत ओल्या केसांनी एवढा प्रवास कोण करतं? मायनं दारातच विचारलं, "जावई कुठी हायेत?" ताई म्हणाली, "ते नाई आले. मीच आली." तेवढं बोलून ती आत गेली, आणि त्यानंतर तिनं त्या घराविषयी एक अक्षर तोंडातून काढलं नाही.

तिला कुणी खोदून विचारलंही नाही. बाबांना वाटायचं, अशा गोष्टी मुलगी आईला सांगते. मायला वाटायचं, सांगायचं असेल तर सांगेल आपणहून, आपण विचारलं तर वाटेल की ही आपल्याला परत धाडायला निघाली. मी तेव्हा नववीत. मला फक्त एवढं दिसायचं की ताई रोज सकाळी डोक्यावरून पाणी घेते. रोज. शिकेकाई संपली की नुसत्या साबणानं. माय वैतागायची, "सणवार नाई, काई नाई, रोज रोज काऊन न्हाते व पोरी? केस गळून जातीन." दुसरं म्हणजे, माय स्टोव्हला हात लावू लागली की ताई उठून ओसरीत यायची आणि बाबांच्या वर्गाच्या कडेला भिंतीला टेकून बसायची. मायचा याच्यावरही राग. "दोन भाकरी थापू लागाले नको हिले," असं ती मलाच ऐकवायची, ताईला ऐकू जाईल अशा बेतानं.

इकडे सासरहून निरोप आला. चिखलीच्या बाजारात भेटलेल्या कुणाकडून तरी. पोरगी भांडून आली आहे, पण आम्ही मनात काही ठेवलेलं नाही, रविवारी येऊन घेऊन जातो. बाबांना हायसं वाटलेलं मी पाहिलं. त्यांनी उलट निरोप धाडला, अवश्य या, जेवायलाच या. मायनं पातोडीच्या रश्शासाठी बेसन आणून ठेवलं. ताईला हे सांगितलं तेव्हा ती होकाराचं नुसतं "हाव" म्हणाली.

हे सगळं लिहावं की नाही, म्हणून गेल्या महिन्यात मी ताईला फोन केला होता. ती आता सत्तरीला आली आहे. म्हणाली, "लिही. रडकं मात्र नको लिहू." म्हणून जसं झालं तसं लिहिते.

रविवारच्या आधीची एक संध्याकाळ. तुरीच्या शेंगांचे दिवस होते. ताई भिंतीशी बसून सोल्याच्या भाजीसाठी शेंगा सोलत होती, दाणे पितळीत पडत होते. ओसरीत मी, शेजारची सलमा आणि गल्लीच्या टोकाचा दत्ता. बाबांनी त्या दिवशी तुलनेची वाक्यं घेतली होती. मोठा-लहान, उंच-बुटका ही तुलना आम्हाला येत होती. आता दोन क्रियांची तुलना करायची होती. बाबांनी दाराच्या काळ्या फळीवर खडूनं लिहिलं आणि वाचून दाखवलं, "टू वॉक इज बेटर दॅन टू वेट." वाट पाहत बसण्यापेक्षा चालत गेलेलं बरं. मग हेच दुसऱ्या तऱ्हेनं, "इट इज बेटर टू वॉक दॅन टू वेट."

"आता नीट पाहा," बाबा म्हणाले. "दॅनच्या एका बाजूला टू वॉक आहे. मग दुसऱ्या बाजूला काय हवं? टू वेट. एकीकडे टू आणि दुसरीकडे वेटिंग, असं चालायचं नाही. तुलना सारख्याची सारख्याशी होते. दोन्ही बाजूंना टू."

(पुढे मी मोठमोठी व्याकरणं वाचली तेव्हा कळलं की दुसरा टू पुष्कळदा गाळलेला चालतो. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "चालत असेल. मला नाही चालत.")

मग आमची पाळी. सलमा हुशार होती आणि तिला घरात पाणी भरायचा कंटाळा. ती म्हणाली, "टू स्लीप इज बेटर दॅन टू फेच वॉटर." बाबा हसले. मी कसलंतरी आदर्श वाक्य केलं, वाचन आणि खेळ यांचं. ते मला आता आठवतही नाही. दत्ता बराच वेळ छताकडे पाहत राहिला. त्याला शाळेत रोज मार बसायचा. एकदम म्हणाला, "सर, टू बीट इज बेटर दॅन टू बीट."

"अरे, दोन्हीकडे तेच? मारण्यापेक्षा मारणं बरं?"

"नाई सर, मारण्यापेक्षा... म्हंजे मार खाण्यापेक्षा मारणं बरं."

सलमा खो खो हसली. बाबांना तर आनंदच झाला, कारण त्यांना पुढचं शिकवायला वाट मिळाली. "मग टू बी बीटन म्हण. टू बीट म्हणजे मारणं. टू बी बीटन म्हणजे मारलं जाणं. टू बी आलं आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं, की समजायचं, काम करणारा दुसराच कोणी आहे. आपल्यावर ते होतंय." दत्तानं वाक्य दुरुस्त करून म्हटलं. बाबांनी डोळे मिटून मान हलवली. "आणखी एक, कोण सांगतं?"

आम्ही तिघं वाक्य जुळवू लागलो. आत स्टोव्ह भरभरत होता. आणि मग भिंतीकडून आवाज आला. हळू, पण एकेक शब्द सुटा.

"इट इज बेटर टू बी अ बर्डन हिअर दॅन टू बी बर्न्ड देअर."

ताई बोलली होती. एके काळी ती याच ओसरीतली बाबांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होती. तिची मान खाली होती आणि बोटं शेंग सोलतच होती.

"करेक्ट," बाबा म्हणाले. सवयीनं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते, मानही हलू लागली होती. "दोन्हीकडे टू बी. पहिल्यात पुढे नाम आलं आहे, दुसऱ्यात..." आणि तिथं त्यांचे डोळे उघडले.

माणसाच्या चेहऱ्यावर अर्थ उशिरा पोचताना मी त्या दिवशी पाहिला. बाबांनी ताईकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, पुन्हा ताईकडे. खडू त्यांच्या बोटांत तसाच. मग ते इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं. आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी तिची चूक शोधायचा प्रयत्न केला. ती चूक असावी अशी त्यांची केवढी इच्छा होती, ते मला आज समजतं.

"सुमन, टू बर्न म्हणायचं होतं का तुले? म्हंजे, जीव जळतो माणसाचा, तसं?"

"नाई बाबा," ताई म्हणाली. "टू बी बर्न्ड."

दत्ताला काही कळलं नव्हतं; तो आमच्याकडे बघून हसायचं की नाही ते ठरवत होता. सलमाला कळलं. तिनं हळूच त्याचा सदरा ओढला आणि त्याला घेऊन ती ओसरीच्या खाली उतरली. जा म्हणायची वेळच आली नाही.

ओसरी एकदम शांत झाली म्हणून माय बाहेर आली. हाताला पीठ. "काय झालं? लेकरं काऊन गेले?" ताईनं मान वर केली नाही. मायनं माझ्याकडे पाहिलं. "मित्रा, काय झालं व?"

इंग्रजीतून मराठीत मी तोवर शंभर वाक्यं आणली असतील. हे एक तोंडात येईना. शेवटी म्हटलं, "माय, ताई म्हनते, तिकडं जाळल्या जाण्यापेक्षा इथं ओझं होऊन राह्यलेलं बरं."

माय चिडली. "हे काय बोलनं? ओझं कोन म्हनलं तुले? आन् सासरी कोनाचा जीव जळत नाई व? माहा नसंन जळला?"

"जळणं नाई माय," मी म्हणाले. "जाळणं. दुसऱ्यानं."

तेव्हा ताई बोलायला लागली. मराठीत. थांबत थांबत, पितळीतल्या दाण्यांकडे बघत. काहीतरी आणायचं राहिलं म्हणून भांडण झालं होतं. सासूनं दार लावलं. जावयानं, प्रकाशरावांनी, राकेलचा डबा तिच्या डोक्यावर ओतला आणि काडीपेटी हातात घेतली. तेवढ्यात शेजारची बाई दारावर थाप मारून विरजण मागू लागली. ती जाईना, बोलत उभी राहिली. ती गेल्यावर प्रकाशराव हसले आणि म्हणाले, घाबरली का? जा, डोकं धुऊन घे. ताईनं पहाटेपर्यंत पुन्हा पुन्हा डोकं धुतलं, आणि उजाडताच ओल्या केसांनी ती गाडीत बसली.

"इतके दिवस सांगितलं काऊन नाई व पोरी?" मायनं विचारलं.

"तोंडच उघडत नव्हतं. आज त्या भाषेत निघालं. दुसऱ्याच कोनाचं बोलून राह्यली असं वाटलं मले."

मायनं तिचं डोकं दोन्ही हातांनी जवळ ओढलं आणि केसांत नाक खुपसून हुंगलं. एकदा, दोनदा, वासरू हुंगावं तसं. पिठाचे हात ताईच्या केसांना लागले. पण माय रडली नाही. तिचा एक विचित्र आवाज निघाला, घशातला, जो मी आधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

आत भाजी करपल्याचा वास सुटला. बाबा उठले. आयुष्यात स्टोव्हला हात न लावलेला तो माणूस आत गेला, आणि स्टोव्ह कसा बंद करतात ते त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून तो मी जाऊन बंद केला. बाबा तिथंच पाटावर बसले. मला म्हणाले, "मी तिले धाडणार होतो मित्रा. रविवारी. जेवू घालून धाडणार होतो." हे ते त्या आठवड्यात कितीतरी वेळा म्हणाले, कधी मला, कधी भिंतीला.

रविवारी ते आले. प्रकाशराव आणि त्यांचे वडील. वडिलांनी ओसरीत बसता बसता तोंडावरची धूळ पुसली. "गुरुजी, पोरगी तयार ठेवली ना? आम्हाला दुपारच्याच गाडीनं निघायचंय. जेवण झालं की लगेच." माय आत होती, तिनं ना पाणी आणलं, ना चहा ठेवला. बेसनाची पुडी बांधलेलीच होती. बाबा त्यांच्यासमोर उभे होते. ते बसलेच नाहीत.

"प्रकाशराव, एक विचारतो," बाबा म्हणाले. शिकवतानाची मराठी. "तुम्ही सुमनच्या अंगावर राकेल टाकलं होतं का?"

मला वाटलं, आता हा नाही म्हणेल. ओरडेल, शपथा घेईल, ताईला खोटं पाडेल. आम्ही सगळे त्याच तयारीत होतो. मायनं तर ताईचा हात घट्ट धरून ठेवला होता दाराआड. पण प्रकाशराव हसले. नवऱ्यामुलासारखे, जरा लाजून.

"अहो मामाजी, मजाक केली होती. काडी कुठं ओढली मी? नुसती हातात धरली होती."

बाबांनी वडिलांकडे पाहिलं. निदान हा माणूस तरी हादरेल, मुलाच्या थोबाडीत देईल, असं त्यांना वाटलं असणार. वडील घसा खाकरून म्हणाले, "तरुण रक्त आहे गुरुजी. मी दोन शब्द बोललो त्याला. पण तेवढ्यासाठी पाहुण्याला पाणीही विचारायचं नाही, ही कुठली रीत?"

आजवर मला पुष्कळ धक्के बसले. माणसं गेली, घरं गेली. पण ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. त्या माणसाला सगळं ठाऊक होतं, आणि त्याला दुखलं होतं ते पाण्याचं.

त्यांना शिव्या येत नव्हत्या. त्यांनी ओसरीच्या पायरीकडे हात केला. "निघा. उद्या मी पोरीले घेऊन बुलढाण्याले जातो, पोलिसात. आता निघा."

"पोरगी घरात बसवून ठेवाल? लोक काय म्हणतील?" वडील उठता उठता म्हणाले.

"काई म्हनू द्या," दाराआडून मायचा आवाज आला. "पोरगी बसलेली तं राहीन."

ते गेले. बाबा दुसऱ्या दिवशी ताईला घेऊन बुलढाण्याला गेले, तक्रार दिली. पुढे कोर्ट, तारखा, फारकत, सगळं रेंगाळत झालं. ताईनं पुढे नर्सिंग केलं आणि मलकापूरला नोकरी केली, पण ते नंतरचं. त्या उन्हाळ्यात ती अजून घरीच होती, आणि गल्लीतल्या बायका पाण्याला जाता-येता आमच्या दाराकडे मान वळवायच्या.

अशाच एके दुपारी एक अनोळखी माणूस आला. धोतर, खांद्यावर गमछा, पायांवर वाटेची धूळ. देऊळगाव राजाच्या अलीकडच्या एका खेड्यातला शेतकरी. त्यानं बाबांना नमस्कार केला, पाणी प्यायला, आणि बराच वेळ पावसापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "गुरुजी, रागावू नका. प्रकाशरावांचं स्थळ आलंय माझ्या पोरीला. ते म्हणतात, पहिली बायको डोक्यानं बरी नव्हती, म्हणून सोडली. माझं मन मानेना. म्हटलं, जाऊन विचारून यावं. उद्या सुपारी फुटायची आहे."

बाबांचं तोंड उतरलं. दुसऱ्याच्या घरचं ठरत आलेलं लग्न, आपण मोडलं असं व्हायला नको, कोर्टात अजून निकाल नाही, असं काय काय त्यांच्या मनात चाललं असणार. ते शब्द जुळवू लागले. "त्याचं असं आहे पाटील, प्रत्येकाचा अनुभव..." मी चहाचे पेले आणून ठेवले. माणूस बाबांच्या तोंडाकडे पाहत होता आणि बाबा सरळ काही बोलत नव्हते.

ताई आतून आली. पदर नीट केला आणि त्या माणसाच्या समोर, खाली, फरशीवर बसली.

"काका, मीच सुमन. मी येडी दिसतो का तुमाले?"

माणूस गडबडला. "नाही माय."

"तं मंग ऐका. पोरगी देऊ नका. माह्या डोक्यावर त्यानं राकेल ओतलं होतं. काडीपेटी त्याच्या हातात होती. त्याच्या मायनं दार लावून घेतलं होतं. शेजारीण आली म्हनून मी वाचली. त्याच्या बापाले सगळं ठाऊक हाय."

हे सगळं तिनं मराठीत सांगितलं, आमच्या मराठीत, त्याच्या डोळ्यांत बघून, एकदाही न अडखळता. बाबा तिच्याकडे बघत राहिले.

त्या माणसानं पेला उचलला होता तो परत खाली ठेवला. गमछा तोंडावर धरला. त्याचे खांदे हलले. मग तो उठला आणि पायऱ्या उतरताना म्हणाला, "आता गाडी कोणती मिळंल?"

"चिखलीची हाय," ताई म्हणाली. "लवकर जा, भेटते."

तो पळत सुटला. त्या उन्हात, एवढा वयस्क माणूस, धोतराचा सोगा हातात धरून. तो वळणावर दिसेनासा झाला तरी ताई दारात उभी होती. मग ती आत वळली, त्याचा न प्यायलेला चहा तिनं उचलला, आणि आमच्या सगळ्यांच्या देखत उभ्यानंच पिऊन टाकला.